पडद्यामागची टाळी

नॉटिंगहॅम
१२ मार्च २००६

रुकय्या,

तुझं ईदचं कार्ड परवा पोचलं. ईद जानेवारीत झाली. वर मशिदीचं चित्र, आत मलय भाषेत छापलेल्या दोन ओळी आणि खाली तुझ्या हातचे दोन शब्द : 'सर्व ठीक'. ज्या मैत्रिणीबरोबर तू दहा वर्षं कॉन्व्हेंटच्या एका डॉर्मिटरीत काढलीस तिला 'सर्व ठीक'? सिस्टर बेनेडिक्टांनी असल्या पत्राबद्दल तुला व्हरांड्यात उभं केलं असतं.

आता नीट वाच. या जुलैमध्ये तू इथे यायचंस. तिकीट मी काढणार, त्यावर वाद नको. शिक्षिकेची पेन्शन आहे आणि खर्च करायला घरात दुसरं कुणी नाही. वरची खोली मी रंगवून घेतली आहे. तुझ्या नमाजेची दिशा कुठली, तेसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारून ठेवलं. तो म्हणाला, "आंटी, तुम्ही मुसलमान झालात?" म्हटलं, "नाही, पाहुणी येतेय, आणि तू आधी तुझ्या भेंड्यांचे भाव खाली आण."

तुला शेवटची बघितली ती एकसष्ट साली, बॅलार्ड पिअरवर. निळं पोलकं, डोक्यावर अब्बांनी दिलेली शाल, आणि शेजारी तो तुझा सडपातळ मलय नवरा, देवबंदच्या मदरशात शिकलेला, एकही शब्द न बोलणारा. बोट हलली तेव्हा तू रडलीस आणि मी तुला वेडी म्हटलं. त्यानंतर मी लग्न केलं, या देशात आले, इंग्रजांच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवत तीस वर्षं काढली, नवरा गेला, मुलगा इल्फर्डला गेला. एवढं सगळं झालं आणि आपण भेटलो नाही. कधी तुझी बाळंतपणं, कधी माझ्या परीक्षा, कधी कुणाचं आजारपण. आता बास.

मला तुला बघायचंय. फोनवर ऐकायचं नाही, फोटोत बघायचं नाही. समोर खुर्चीत बसवून बघायचंय. आणि ते याच वर्षी. का, ते विचारू नकोस. चौसष्टाव्या वर्षी माणसाला घाई असू शकते.

गिरीशचं चाललंय की घर विक आणि आमच्याजवळ फ्लॅटमध्ये ये. गाडी मी विकून टाकली, पार्किंगचा वैताग आला होता. बाकी इथला मासेवाला अजूनही मासा डोकं कापून देतो. डोकं मागितलं की विचारतो, "फॉर द कॅट?" मी म्हणते, "नो, फॉर द लेडी." मी, मासेखाऊ कारखानीसांच्या सुनेने, हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय ते तुला कळेल. तू तिकडे समुद्राच्या मांडीवर बसलेली आहेस.

तारखा कळव.

मधू


पुलाउ सेरिंदिंग
९ एप्रिल २००६

प्रिय मधू,

तुझं पत्र टपालाच्या बोटीने आलं. मी जेटीवरच उभी राहून वाचलं आणि हसले, तेव्हा बोटवाला म्हणाला, "कुणाचं लग्न ठरलं?" या बेटावर मराठी वाचणारी मी एकटी, त्यामुळे तुझी पत्रं मी कुठेही उघडू शकते. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की त्या दिवशी पुडिंग मिळायचं नाही. इथे मराठी बोलायला कुणी हरकत घेत नाही, पण बोलू कुणाशी? कधी कधी कोंबड्यांशी बोलते.

समुद्राच्या मांडीवर बसलेय खरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र उलटापालटा असतो, बोटी वर ओढलेल्या. आता मात्र रोज माणसं बाहेर पडतात. हे अजूनही त्यांच्याबरोबर जातात. शुक्रवारी इमाम आणि बाकीचे दिवस कोळी, असंच इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ह्यांचं काम जाळं ओढण्याचं नाही, ऐकण्याचं. बोट थांबवायची, ह्यांनी कडेला धरून पाण्यात उतरायचं, डोकं बुडवायचं आणि ऐकायचं. प्रत्येक माशाच्या झुंडीचा आवाज वेगळा असतो म्हणे. ढोमे ढोल वाजवल्यासारखे घुमतात, बांगड्यांची झुंड गेली तर पानांतून वारा गेल्यासारखं वाटतं. हे वर येऊन हात करतील त्या दिशेला जाळं पडतं. बाहत्तरावं चाललंय, पण ह्यांच्या कानाचा भरवसा सोडून यंत्रावर जायला कुणी तयार नाही.

काल बांगडे इतके आले की मी पाच घरी वाटले. तिखलं केलं. कोकम नाही, इथे एका आंबट फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात. चव जवळपास जाते, पोचत नाही. पंचेचाळीस वर्षं मी त्या जवळपासवर भागवतेय.

खोली रंगवलीस ती ओळ मी तीनदा वाचली. पण मधू, मला येता नाही यायचं. ह्यांना सोडून निघणं होत नाही. ह्यांना ते मानवणार नाही. मशिदीचं सगळं बघायचं असतं. रागावू नकोस. पुढे कधीतरी बघू.

तुझी,
रुकय्या


नॉटिंगहॅम
२ मे २००६

रुकय्या,

'ह्यांना मानवणार नाही.' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. आईकडून, सासूकडून, शाळेत पालकसभेला येणाऱ्या बायकांकडून, हिंदू, मुसलमान, शीख, आणि हो, गोऱ्यासुद्धा. तुझ्याकडून ऐकायची तयारी नव्हती. तू ती मुलगी, जिने बिशपसाहेबांना विचारलं होतं की आदमची बरगडी काढली तेव्हा भूल कुणी दिली.

म्हणून मी थेट फोन केला. गेल्या रविवारी. तू घरी नव्हतीस, तुझ्या इमामसाहेबांनीच उचलला. इंग्रजी छान बोलतात की! संभाषण शब्दशः देते.

"मी मधुमती कारखानीस, इंग्लंडहून."

"आ, सिस्टर! वेलकम, वेलकम! जेवलात का?"

"जेवले. मला तुमची बायको जुलै महिन्यापुरती हवी आहे."

"घ्या, घ्या."

"तुमची हरकत आहे असं ती म्हणते."

"माझी? मी रुकय्याला कधी कशाला नाही म्हटलंय? तीच मला नाही म्हणते. साखरेला."

मग ते इतके हसले की मलाही हसू आलं. आणखी म्हणाले की सिस्टर, तुम्हीच या, इथे समुद्र आज चांगला आहे. मी म्हटलं, मी बोटीत बसत नाही, मला डोव्हरलासुद्धा उलटी होते. तर म्हणाले, लिंबू हुंगा.

म्हणजे नवऱ्याची हरकत नाही. मग हरकत कुणाची? तू त्या सज्जन माणसाच्या आड का लपतेस? तुला यायचं नसेल तर तसं लिही. 'मधू, मला तुझं तोंड बघायची इच्छा नाही', एवढंच लिही. मी वाचेन आणि खोलीत शिवणाचं मशीन ठेवीन.

मधुमती


पुलाउ सेरिंदिंग
३० मे २००६

मधू,

तू पूर्ण नाव लिहून सही केलीस, म्हणजे खरीच रागावलीस. आता सगळं सांगते. हे मी माझ्या मुलींनाही सांगितलेलं नाही. त्या क्वालालंपूरला असतात, वर्षातून एकदा येतात आणि बाबा थकले म्हणतात.

तू फोन केलास त्या संध्याकाळी मी विचारलं, "कुणाचा फोन होता?" हे म्हणाले, "बोटीच्या इंजिनाबद्दल कुणीतरी विचारत होतं." तासाभरापूर्वी ते तुझ्याशी बोलून हसले होते, शेजारणीने खिडकीतून ऐकलं होतं.

दोन वर्षं झाली. पहिल्यांदा मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजेत कळलं. मगरिब तीन रकातींची. म्हणजे उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं, हा फेरा तीनदा. हे तिसऱ्यानंतर बसायचं सोडून चौथ्यासाठी उभे राहायला लागले. इमाम चुकला तर मागच्या पुरुषांनी 'सुभानल्लाह' म्हणायचं असतं, की त्याला कळतं. कुणी बोललं नाही. का बोलले नाहीत ते मी पडद्यामागून जाणलं. त्या रांगेतल्या प्रत्येकाने लहानपणी ह्यांच्यासमोर मांडी घालून अलिफ-बे गिरवलंय, छड्या खाल्ल्यात. बांग देणारा मात जुसोह, चाळिशीचा बाप्या, तीन बोटींचा मालक, त्याची जीभ उचलेना. ज्याने अक्षर शिकवलं त्याला चूक कशी सांगायची?

आम्ही बायका मागे, पडद्याच्या अलीकडे. बाईला तिथे बोलता येत नाही, टाळी वाजवायची असते. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवर, एकदाच. मी वाजवली. हे अर्धे उठलेले, थबकले आणि खाली बसले. नमाज नीट पुरी झाली.

तेव्हापासून पाची वेळा मी पडद्यामागे असते. कधी टाळी लागत नाही, कधी एका नमाजेत दोनदा लागते. ह्यांना ती टाळी ओळखू येते. कुणी काही बोलत नाही. मुख्य भूमीवरून धर्मखात्याचे अधिकारी येतात तेव्हा मात जुसोह त्यांना आधी जेवायला नेतो, मग बोटीत फिरवतो, म्हणजे नमाज ते आपली आपण पढतात. अख्खं गाव लबाडी करतंय, मधू, आणि इमानाने करतंय. खात्याला कळलं तर ते एखादा प्रमाणपत्रवाला तरुण पाठवतील. चांगलाच असेल. पण ह्यांना इमामपण सोडून दुसरं काय आठवेल, मला सांगता येत नाही. परवा धाकट्या मुलीचं नाव विचारत होते.

पाण्यात मात्र काही विसरत नाहीत. डोकं बुडवलं की सगळं जागच्या जागी असतं. वर आले की हात बरोबर दिशेला जातो. मी किनाऱ्यावर उभी राहून तो हात बघते.

मी जुलैत तुझ्याकडे आले तर टाळी कोण वाजवणार? दुसऱ्या बायका वाजवतील असं तू म्हणशील. त्याही ह्यांच्याच विद्यार्थिनी.

तुझं तोंड बघायची इच्छा नाही, असं लिहायला सांगितलंस. माझ्या हातून ते लिहून झालं नाही.

रुकय्या


नॉटिंगहॅम
२० जून २००६

रुके,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी नेहमीप्रमाणे भडकले. बाईने बोलायचं नाही, टाळी वाजवायची! आणि तो नियम करणाऱ्यांची अख्खी रांग दोन वर्षं एका बाईच्या टाळीवर उठते-बसते, हे त्यांना चालतं! दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हटलं, हे मी रुकय्याला सांगायची गरज नाही. तिने ते माझ्या आधी ओळखलंय आणि वापरलंय.

मी फोनवर तुझ्या नवऱ्याशी जे बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. आम्ही दोघं छान बोललो. तो माणूस मला आवडला.

पण एक विचारते. हे किती दिवस? पाच वेळा, रोज, सर्दी-ताप काही म्हणजे काही न होता तू उभी राहणार आणि तोही उभा राहणार? तुला कधी फ्लू झाला तर? गावाला सगळं माहीत आहे आणि तरी ते तुझ्या एकटीच्या हातांवर सोडून दिलंय. मात जुसोहला तीन बोटी चालवता येतात, एक शब्द उच्चारता येत नाही? त्याला माझ्यातर्फे कान धरून सांग. आमच्या शाळेत हेडमास्तर जुन्या शिकवणीतच रमले होते, तेव्हा आम्ही सगळे शिक्षक असेच गप्प बसायचो. त्याला आम्ही आदर म्हणायचो. बराचसा भित्रेपणा होता.

जुलैचं रद्द. तू तिथून हलायचं नाहीस, हे मला समजलं. समजलं म्हणजे पटलं असं नाही आणि आवडलं असं तर मुळीच नाही. वरच्या खोलीत मी मशीन ठेवलेलं नाही. दार लावून घेतलंय.

गिरीश आणि स्वाती मुलांना घेऊन आले होते. तनू मला म्हणाली, "आजी, तुझा आमटी खूप छान झाला." मी तिला सुधारलं नाही. सुधारायचं म्हणजे रोज सुधारायला जवळ असावं लागतं.

लिहीत जा. उशीर करू नकोस. एवढं एक ऐक, उशीर करू नकोस.

मधू


पुलाउ सेरिंदिंग
२ ऑक्टोबर २००६

मधू,

तू म्हणालीस उशीर करू नकोस आणि मी तीन महिने घेतले. लिहायला बसायची आणि वाटायचं, उद्या काहीतरी वेगळं लिहिता येईल. आज आलं.

रमजान सुरू झाला त्या संध्याकाळी मशीद भरलेली होती. शहरात कामाला असलेली पोरंही आली होती. इशाच्या, रात्रीच्या नमाजेत हे दुसऱ्या रकातीत मध्येच थांबले. कुराणातली आयत अर्धी. मी टाळी दिली. हे हलले नाहीत. पुन्हा दिली. ह्यांनी ऐकली, मला ठाऊक आहे, कारण मान किंचित डावीकडे झाली, असं मात जुसोहने मागाहून सांगितलं. बोटीच्या कडेला धरून पाण्यात ऐकताना होते, तशीच.

पडद्याच्या खालच्या फटीतून मला फक्त पावलं दिसत होती. ह्यांची पावलं एक पाऊल मागे आली. मग मागच्या रांगेतली दोन पावलं अडखळत पुढे गेली. इमामाला पुढे जमेनासं झालं तर त्याने मागच्याचा हात धरून त्याला आपल्या जागी उभं करायचं, नमाज मोडायची नाही, हा नियम आहे. ह्यांनीच तो त्या पोरांना शिकवलेला. ह्यांनी मात जुसोहचा हात धरून त्याला पुढे ओढलं आणि स्वतः त्याच्या जागी रांगेत उभे राहिले. मात जुसोहने ती आयत जिथे राहिली होती तिथून उचलली. रडत म्हणाला, पण एक अक्षर चुकला नाही.

नमाज झाल्यावर सगळ्यांनी रोजच्यासारखे ह्यांचे हात हातात घेतले. घरी येताना मी विचारलं, "का केलंत?" हे म्हणाले, "तुझे हात दुखत असतील."

मधू, मला वाटत होतं ह्यांना टाळी फक्त ऐकू येते. ती कुणाची, रोज कशासाठी, हे ह्यांना कळत होतं. त्यानंतर पुष्कळ गोष्टी हे विसरले, त्या रात्रीचं जेवणही विसरले, पण तेवढं म्हणाले होते.

खात्याचा कागद आला, मात जुसोह आता इमाम. हे रोज पहिल्या रांगेत असतात आणि खूश असतात.

तू म्हणशील, आता मोकळी झालीस, ये. नाही गं. मशिदीत माझी गरज संपली, घरात वाढली. मी दुकानात गेले तरी हे दाराशी येऊन वाट बघतात. ह्यांना परक्या घरात आणलं तर भिंत कुठली आणि दार कुठलं तेही कळणार नाही.

म्हणून तू ये. लिंबू मी देते. नोव्हेंबरपासून समुद्र बंद, मार्चमध्ये उघडतो. उघडला की ये.

रुकय्या


नॉटिंगहॅम
१४ जानेवारी २००७

रुकय्या,

येतेय. मार्चच्या शेवटी. गिरीशने तिकीट काढलं आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

अटी : डोक्यावर पदर घेईन, कारण तू अठरा वर्षांची होईपर्यंत आमच्या देवळाबाहेर चप्पल काढून उभी राहायचीस आणि कधी कुरकुरली नाहीस. माशाचं डोकं मला वाढायचं. मी बोटीत ओरडले तर कुणी हसायचं नाही. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, तिच्याबद्दल काही विचारायचं नाही, गुडघे आहेत.

कोकम आणतेय. कस्टमवाल्यांनी अडवलं तर तिथेच खाऊन टाकीन.

मधू


पुलाउ सेरिंदिंग
२२ एप्रिल २००७

प्रिय मधू,

तू सुखरूप पोचल्याचं गिरीशने कळवलं. तू गेल्यावर घर मोठं झालंय.

गाव अजून तुझ्याबद्दलच बोलतंय. मात जुसोहला तू विचारलंस, "पडदा बायकांच्या पुढे का? पुरुषांच्या डोळ्यांवर का नाही?" आणि तो म्हणाला, "मॅडम, तेवढं कापड बेटावर नाही", हे त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. ह्यांनी रोज सकाळी तुला "आपण कोण?" असं विचारायचं आणि तू रोज पूर्ण नाव सांगायचंस, आणि ह्यांनी रोज "वेलकम, जेवलात का?" म्हणायचं. तू म्हणालीस, "मुलाच्या घरी एवढं स्वागत मला वर्षातून एकदाही मिळत नाही." मी तेव्हा किती दिवसांनी पोट धरून हसले. आता हे सकाळी ओटीवर येतात, रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि काही विचारत नाहीत.

पण एक गोष्ट मनात ठेवून मला पत्र बंद करता यायचं नाही. तू आठ दिवस इथे होतीस आणि माझ्याकडे बघितलं नाहीस. जेटीवर मी हात पसरले तेव्हा तू माझ्या खांद्यापलीकडे, बोटींकडे बघत होतीस. जेवताना खिडकीकडे. मी अब्बांच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होते, माझे डोळे भरून आले होते, आणि तू त्या माडाकडे टक लावून बसलीस. मी बोलायची थांबले, तर म्हणालीस, "बोल ना, ऐकतेय." निघतानाही तसंच. एवढ्या लांबून तू मला बघायला आलीस, तसं लिहिलं होतंस. मी फार म्हातारी झालेय हे मला आरशात दिसतं. माझे पुढचे दात गेलेत, उन्हाने चेहरा काळवंडलाय. ज्या रुकय्याला तू बॅलार्ड पिअरवर सोडलंस ती इथे नव्हती, म्हणून तुला बघवलं नाही का? खरं सांग. मला सोसेल. आतापर्यंत पुष्कळ सोसलंय.

रुकय्या


नॉटिंगहॅम
१९ मे २००७

रुके,

मूर्ख बाई.

बोटींमध्ये बघण्यासारखं काय असतं? लाकूड असतं आणि वास असतो. आणि माड मी जन्मात पुष्कळ पाहिलेत.

माझे डोळे जातायत. दीड वर्ष झालं. दोन्ही. पूर्ण अंधार होणार नाही म्हणतात, पण नजरेचा मधला भाग जातो आणि कडा राहतात. औषध नाही, ऑपरेशन नाही. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं, आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं नीट दिसतं. मासेवाल्याकडे बघितलं की मासेवाला नाही, फक्त त्याचा तराजू. गाडी पार्किंगसाठी विकली नव्हती. विमानतळावरची ती खुर्चीही गुडघ्यांसाठी नव्हती.

जेटीवर मी आधी तुझ्याकडेच बघितलं. सरळ. तिथे तू नव्हतीस. पांढरा रुमाल होता आणि मध्ये राखाडी ठिगळ. पंचेचाळीस वर्षं वाट बघून तिथे राखाडी ठिगळ! मग मी नजर बोटींकडे नेली, आणि तू दिसलीस. तेव्हापासून आठ दिवस मी बोटींकडे, खिडकीकडे आणि त्या माडाकडे बघत होते, कारण तेवढीच वाट होती तुझ्यापर्यंत यायची. माडाकडे बघताना तू सगळ्यात छान दिसायचीस.

आता मी काय बघितलं ते ऐक. तुझी डावी भुवई पार पांढरी झाली आहे, उजवी अर्धीच. हसताना वरचा ओठ दात नसल्यामुळे आत जातो आणि तू पटकन हात आडवा धरतेस. शाळेत धरायचीस तसाच, तेव्हा दात असूनही. गालावर उन्हाचे डाग आहेत, एक होडीच्या आकाराचा. अब्बांचं सांगताना पाणी आधी उजव्या डोळ्यातून आलं. इमामसाहेब दाराशी आले की बोलणं न थांबवता तुझी मान तिकडे वळते. हे सगळं मला तोंडपाठ आहे. बॅलार्ड पिअरवरची मुलगी मला नकोच होती. तिला मी कंटाळले होते, इतकी वर्षं तीच एक दिसत होती.

तिथे असताना का सांगितलं नाही, असं तू विचारशील. तू एका माणसाला सांभाळतेस. आठ दिवस तरी तुझ्या आवाजात माझ्यासाठी तो सांभाळ यायला नको होता. मला पूर्वीची भांडकुदळ मधू म्हणून तुझ्या ओटीवर बसायचं होतं. बसले. ते तू मला दिलंस.

तुझं पत्र वाचायला मला आठवडा लागला. भिंग धरायचं, अक्षराच्या शेजारी बघायचं आणि अक्षर कडेने येईल त्याची वाट बघायची. दुसऱ्या कुणाला वाचायला सांगावं तर इथे आहे कोण? गिरीश मराठी बोलतो, वाचायचं विसरला. तनू अक्षरांवरच्या रेघेकडे बघून म्हणते, "आजी, हे सगळे लेटर्स वाळत घातलाय." मोठी होऊन ती शिकेलही, पण तुझी पत्रं तिच्यासाठी नाहीत.

फोनवर बोलू म्हणू नकोस. फोनवर आपण दोघी जेवलात का आणि हवा कशी यापलीकडे जात नाही. मला तुझ्या हातचं हवंय, जोवर कडा शिल्लक आहेत तोवर.

तेव्हा पुढचं पत्र मोठ्या अक्षरांत लिही. काळ्या जाड मार्करने, मुलं शाळेत फलक रंगवतात तसं. पानावर चारच शब्द मावले तरी मावू देत. पाकीट जड होऊ दे. टपालाच्या बोटीवाल्याने विचारलं की एवढं काय पाठवतेस, तर सांग त्याला, मैत्रिणीला 'सर्व ठीक' कळवायचंय.

मधू